सोडा ब्रेड आणि घरात उरलेलं ताक

सोमवार

आज सेंट ब्रिजिडची सुट्टी. आयर्लंडमध्ये ही सरकारी सुट्टी झाली 2023 सालापासून, त्यामुळे फेब्रुवारीच्या तोंडावर एक आयता सोमवार हाती लागतो. ब्रिजिड ही इथली दूधदुभत्याची संत. लहान असताना तिनं आईनं साठवलेलं सगळं लोणी गोरगरिबांना वाटून टाकलं आणि रिकामी भांडी पुन्हा काठोकाठ भरली, अशी कथा सांगतात. म्हटलं, दिवस लोण्याताकाचा आहे, सोडा ब्रेड करू. (निमित्त लागतं मला. त्याशिवाय सुट्टीच्या दिवशी ओट्यापाशी कोण उभं राहणार?)

काल रात्रीच ताक करून ठेवलं होतं. इथलं दूध होमोजिनाइझ केलेलं, म्हणजे त्यातली चरबी दुधातच बारीक करून मिसळलेली, कितीही तापवा, धड साय धरत नाही. म्हणून मी क्रीमचा डबा आणते, त्यालाच विरजण लावते आणि चांगलं आंबलं की घुसळते. लोणी आलं ते जरा फिकं. या दिवसांत गाई गोठ्यात असतात, सुका चारा खातात. मे-जूनमध्ये त्या हिरव्या गवतावर गेल्या की हेच लोणी पिवळंधमक निघतं.

साहित्य मोजून चार जिन्नस. 450 ग्रॅम पीठ, त्यात निम्मं कोंड्यासकट जाडसर दळलेलं गव्हाचं आणि निम्मा मैदा. एक सपाट चमचा मीठ, एक सपाट चमचा खाण्याचा सोडा, 400 मिली ताक. यीस्ट नाही, अंडं नाही, साखर नाही. अमेरिकेत सेंट पॅट्रिक डेच्या सुमारास मनुका, साखर, लोणी घालून करतात तो प्रकार चहाबरोबर ठीक आहे, पण सूपात बुडवून खायचा ब्रेड तो नव्हे.

सोडा मात्र चाळूनच घालायचा. गुठळी राहिली तर कापल्यावर तिथे पिवळा-हिरवट डाग दिसतो आणि तो घास नेमका पाहुण्याच्या तोंडात जातो. साबणासारखी चव!

खरी गंमत पुढे. आपल्या हाताला कणीक तिंबायची सवय. तेलाचा हात लावून मळ, झाकून ठेव, पुन्हा मळ. इथे तेच करायचं नाही. शेजारच्या आजी, वय ऐंशीच्या पुढे, त्यांनी मला ओट्याशी उभं राहून दाखवलं होतं. पिठात मधोमध खळगा करायचा, सगळं ताक एकदम ओतायचं. एका हाताची बोटं ताठ फाकवून मधून कडेकडे गोल फिरवत न्यायची, घाई न करता पण न थांबता. अर्ध्या मिनिटात गोळा होतो. ओला, चिकट, वरून खडबडीत. तो गुळगुळीत करायला हात शिवशिवतो, आणि आजी म्हणतात, “पुरे झालं. आता त्याला सोड.”

कारण साधं आहे. मळलं की ग्लूटेन, म्हणजे गव्हातली चिकट प्रथिनं, ताणलं जातं आणि ब्रेड चिवट होतो. शिवाय ताकातलं आम्ल सोड्याला भेटल्या क्षणी वायू सुटायला लागतो. तुम्ही मळत बसलात तर तो ओट्यावरच उडून जाणार, भट्टीत फुगायला काय उरेल? म्हणून ओव्हन आधी तापवायचा, ताक नंतर ओतायचं. ती वेळ गाठली की निम्मं काम झालं.

पीठ भुरभुरून गोळा हलकेच थापला, चार-पाच सेंटिमीटर जाड. त्यावर धारदार सुरीनं क्रॉस, चांगला खोल. मधला भाग जाड असतो, चिरेतून उष्णता आत पोचते, आणि नंतर हातानं चार तुकडे होतात. आजींचं कारण वेगळं. क्रॉस दिल्यावर चारही भागांत सुरीचं टोक टोचायचं, म्हणजे आत अडकलेल्या पऱ्या बाहेर पडतात. नाहीतर त्या ब्रेडला दृष्ट लावतात. मी टोचते. उगाच वाकडं कशाला घ्यायचं!

230 अंशांवर पंधरा मिनिटं, मग 200 अंशांवर अर्धा तास. काढल्यावर उलटा करून बुडावर टिचकी मारायची. पोकळ आवाज आला की झाला. बद्द आला तर उलटाच पुन्हा पाच मिनिटं आत. कवच कडक आवडत असेल तर जाळीवर ठेवा, मऊ हवं तर सुती फडक्यात गुंडाळा. आम्ही फडक्यात गुंडाळतो.

मंगळवार

आईचा सांगलीहून फोन. तिला कालचा फोटो पाठवला होता.

“अगं, यीस्टशिवाय एवढा फुगला?”

मग तिला सगळं सांगत बसले. इथली हवा ओलसर, थंड. त्यात येणारा गहू मऊ, प्रथिनं कमी. यीस्टच्या ब्रेडला लागणारा ताण त्या पिठात येत नाही. ओव्हनही घरोघरी नव्हते. खाण्याचा सोडा साधारण 1830 नंतर बाजारात मिळायला लागला आणि या मऊ पिठाला तो अगदी मानवला. 1836 साली न्यूरी टेलिग्राफ या वर्तमानपत्रात आलेली एक कृती आजही वाचायला मिळते. तिच्यात ताक चांगलं आंबट हवं म्हटलंय आणि गोळा हाताळता येईल इतपत मऊ, जितका मऊ तितका बरा. भांडं मंद आचेवर ठेवायचं आणि काही वेळानं झाकणावर धगधगते निखारे.

“म्हणजे धोंडसासारखंच की,” आई म्हणाली. “खाली विस्तव, वर विस्तव.”

अगदी तसंच. इथल्या खेड्यांतून त्यासाठी बॅस्टिबल नावाचं बिडाचं सपाट बुडाचं भांडं असायचं. चुलीवर साखळीला टांगायचं, झाकणावर पीटचे निखारे रचायचे. पीट म्हणजे दलदलीतली वाळवलेली माती, इथलं जुनं जळण. शेजारच्या आजींच्या आईकडे ते भांडं होतं. आता त्यात कुणीतरी जिरॅनियम लावलंय म्हणे.

बुधवार

काही नाही. ऑफिस, पाऊस.

गुरुवार

दुपारी लवकर सुटले म्हणून शँडन भागातल्या बटर म्युझियममध्ये जाऊन आले. कॉर्क शहरात इतकी वर्षं राहून लोण्याचं संग्रहालय बघायचं राहिलंच होतं. 1770 साली इथे लोण्याची पेठ उभी राहिली आणि एकोणिसाव्या शतकात ती जगातली सगळ्यात मोठी झाली. आसपासच्या परगण्यांतून खारवलेलं लोणी लाकडी पिंपांतून यायचं. तपासनीस ते चाखून, हुंगून प्रत ठरवायचे, पिंपावर शिक्का मारायचे आणि माल थेट वेस्ट इंडीजपर्यंत जायचा. 1924 साली पेठ बंद झाली.

पिंपं बघताना डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. हे सगळं लोणी शेतकऱ्याच्या घरातून निघायचं ते जमीनदाराचा खंड भागवायला. लहान शेतकऱ्याच्या पानात लोणी क्वचितच पडायचं. घरात राहायचं ते ताक, बटाट्यांबरोबर प्यायला. 1845 पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला, दुष्काळात लाखो माणसं गेली, लाखो देश सोडून गेली. सोडा ब्रेड खेड्यापाड्यांत रोजचा झाला तो बराचसा त्यानंतर, पीठ आणि सोडा दुकानात सहज मिळू लागल्यावर. ताक घरात होतंच.

आणि मी काल सकाळी त्याच ब्रेडवर बोटभर लोणी थापून खाल्लं. म्युझियममधून बाहेर पडताना हे आठवलं आणि जरा कसंनुसं झालं. संध्याकाळी आजींना सांगितलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, “मग आता आम्हाला मिळतंय तर खाऊ दे ना!”

शुक्रवार

हा ब्रेड टिकत नाही. पहिल्या दिवशी उत्तम, दुसऱ्या दिवशी बरा, तिसऱ्या दिवशी भाजूनच खायचा. आत स्निग्ध पदार्थ नाही, त्यामुळे लवकर कोरडा पडतो. पूर्वी तो रोज करायचे ते हौसेनं नव्हे. संध्याकाळी ह्यांनी नवा केला, त्यात भरडलेलं जिरं आणि हिरवी मिरची घातली. मनुका घातलेल्याला इथे ‘स्पॉटेड डॉग’ म्हणतात. मिरचीवाल्याला अजून नाव नाही. आजींनी दोन फोडी खाल्ल्या, पाणी मागितलं आणि तिसरी घरी घेऊन गेल्या.

रात्री पुण्याहून ताईचा मेसेज: आमच्याकडे कसा करू? लिहून पाठवलं. चपातीची कणीक नुसती वापरू नकोस, ती बारीक दळलेली, पाणी फार पिते, ब्रेड गच्च होतो. अर्धा मैदा घे आणि अर्धं गिरणीतून लाडवाचं रवाळ पीठ. ताक पाणचट नको. आंबट दही फेटून जेमतेम सैल कर. ओव्हन नसला तरी अडत नाही. आयर्लंडच्या उत्तरेला हाच गोळा थापून त्याचे चार तुकडे करतात आणि तव्यावर भाजतात. बिडाचा तवा काढ, तेल लावू नकोस, पीठ भुरभुर, आच मंद ठेव. एकेक बाजू सहा-सात मिनिटं. शेवटी तुकडे उभे धरून कडा शेक, कच्चेपणा तिथेच राहतो.

तिचं उत्तर आलं: रविवारी करते, मिरची किती घालू?