तुम्ही विचारलंत म्हणून: ‘अंधाधुन’मध्ये हिचकॉक कुठे?

परवा इंदूरच्या सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाताना शेजारच्या काकूंनी पुन्हा तेच विचारलं, "‘अंधाधुन’ बघताना तुला सारखा हिचकॉक आठवतो म्हणतेस. पण त्यात त्याचं आहे तरी काय गं?" हिचकॉक म्हणजे थरारपटांसाठी गाजलेला इंग्रज दिग्दर्शक. विचारलंत म्हणून सांगते, काकू. (सिनेमा बघायचा राहिला असेल, तर इथेच थांबा.)

लोक आधी सारखे दिसणारे शॉट शोधतात. एखादा जिना सापडला, की लागला प्रभावाचा शोध! मी वेगळंच बघते: कोणाला काय ठाऊक आहे?

रामबागेतल्या घरी नाना पत्ते खेळायला बसले, की मी त्यांच्या पाठीशी बसायचे. हुकमाची राणी मला दिसायची, समोरच्याला नाही, आणि तोंड उघडायची बंदी. पोटात गोळा यायचा. हिचकॉकने १९६२मध्ये फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला हेच टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण देऊन सांगितलं. बॉम्ब एकाएकी फुटला, तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकेल. तो आधीच दाखवला, तर समोरच्या साध्या गप्पांतही पंधरा मिनिटं त्याचा जीव टांगणीला.

२०१८च्या ‘अंधाधुन’मध्ये श्रीराम राघवन यांनी हा बॉम्ब आंधळेपणाचं सोंग घेतलेल्या पियानोवादक आकाशच्या काळ्या चष्म्यामागे ठेवलाय. त्याला दिसतं, हे आपल्याला माहीत आहे, नवऱ्याच्या खुनात सामील असलेल्या सिमीला नाही. तो पियानो वाजवतोय आणि त्याच खोलीत ती आणि तिचा प्रियकर नवऱ्याचं प्रेत बॅगेत कोंबताहेत. संवाद जवळजवळ नाहीतच, फक्त सूर. बोट चुकलं तर? (कल्पनेचं मूळ एका फ्रेंच लघुपटात आहे, पण हा ताण राघवनचा.)

हिचकॉकच्याच १९५४च्या ‘रिअर विंडो’मधला जेफ्रीज आठवा. पाय प्लास्टरमध्ये, त्यामुळे खिडकीतून बघण्यापलीकडे हातात काही नाही. आकाशचे पाय धड आहेत, पण पाहिलंय हे दाखवायची सोय नाही. माझ्या मते हे प्लास्टर जास्त घट्ट.

शेवटी मात्र राघवन वाट बदलतात. ‘व्हर्टिगो’त हिचकॉक नायिका ज्युडीचं गुपित नायकाच्या कितीतरी आधी आपल्या कानात सांगतो. इथे आता आपण खरंच आंधळे झालो असं सांगणारा आकाश आपल्या जुन्या मैत्रिणीला, सोफीला सगळी हकिगत ऐकवतो, बाहेर पडतो आणि वाटेतला डबा काठीने नेमका उडवतो. म्हणजे ऐकलं त्यातलं खरं किती? इतका वेळ पाठीशी बसून पानं बघणारे आपण, आता समोर बसलोय.

नानाही असंच करायचे. डाव संपला, की हातातली पानं न दाखवता गड्डीत मिसळायचे आणि पिसायला घ्यायचे.