दोऱ्याखालची फट

जुना कॉन्सर्ट ग्रँड पियानो दुरुस्तीला आला की बहुतेकांची नजर आधी काळवंडलेल्या पॉलिशवर आणि पिवळ्या पडलेल्या पट्ट्यांवर जाते; मी मात्र दोरा आणि विजेरी घेऊन त्याच्याखाली शिरते. साउंडबोर्डच्या, म्हणजे तारांची कंपने घेऊन आवाज मोठा करणाऱ्या लाकडी फळीच्या, खालच्या अंगाला, आधाराच्या एखाद्या लांब लाकडी बरगडीलगत, दोरा या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून धरायचा. मध्यभागी दोरा आणि लाकूड यांच्यात बारीकशी फट दिसली, तर साउंडबोर्डची कमान, म्हणजे त्याचा वरच्या बाजूला असलेला किंचित फुगवटा, अजून शाबूत आहे असे समजावे.

सुमारे 9 फूट लांबीच्या या वाद्यात 88 पट्ट्यांसाठी दोनशेहून अधिक तारा असतात आणि त्यांचा एकत्रित ताण साधारण 20 टनांच्या घरात जातो. तो ताण बिडाची चौकट पेलते. परंतु घोडीवरून, म्हणजे साउंडबोर्डवर बसवलेल्या लाकडी पट्टीवरून, वळणाऱ्या तारा साउंडबोर्डलाही सतत खाली दाबत असतात आणि स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाच्या त्या पातळ फळीची कमान या दाबाला उलट रेटा देत असते. दमट हवेत फळी फुगते, पण कडा पक्क्या बसवलेल्या असल्यामुळे तिला पसरायला जागा नसते आणि तिचे तंतू आतल्या आत चेपले जातात. पुढे हवा कोरडी झाली की ती आकसते आणि चिरते. चीर पडली म्हणजे साउंडबोर्ड निकामी झाला, हा समज मला मान्य नाही. कमान टिकून असेल तर चिरेत त्याच जातीच्या लाकडाची पच्चर सरसाने, म्हणजे प्राणिज गोंदाने, बसवावी आणि मूळ फळी राखावी, असे माझे ठाम मत आहे.

सरसाचा आग्रह धरण्याचे कारण असे की, उष्णता आणि ओल मिळताच तो सुटतो. मागच्या कारागिराने आधुनिक गोंद वापरला असेल, तर सांधा उघडताना लाकडाच्या चिरफळ्या निघतात, आणि ते पाहून फार वाईट वाटते.

तारा उतरवताना एका टोकापासून सरळ सुटत जाऊ नये. तारा ज्यांना गुंडाळलेल्या असतात त्या सगळ्या खुंट्या फेरीफेरीने थोड्या थोड्या सैल कराव्यात, म्हणजे चौकटीवरचा ताण एकसारखा कमी होतो. खुंट्या घट्ट राहत नसतील, तर किंचित जाड खुंट्या घालाव्या लागतात. हातोड्यांच्या नमद्यावर पडलेल्या चरा घासून काढता येतात, अर्थात नमदा पुरेसा उरला असेल तरच.

नव्या तारा बराच काळ ताणत राहतात, त्यामुळे त्या पुन्हा पुन्हा सुरात लावाव्या लागतात. पूर्ण ताण चढल्यावर मी पुन्हा दोरा घेऊन खाली शिरते. तारा उतरवल्यावर वाढलेली फट आता कमी झालेली असते, पण विजेरीचा उजेड दोऱ्यापलीकडे अजून दिसत असतो.