ओठ मिटले की 'म' हवा

आज दिवसभर डबिंग. एका परदेशी मालिकेतल्या आजीच्या एका वाक्यावर सकाळचा अख्खा तास गेला. पडद्यावर शेवटी तिचे ओठ मिटतात आणि माझ्या कागदावर 'मी येते'. कितीही ओढलं तरी बसेना. मग 'येते मी' केलं. 'म'ला ओठ बरोब्बर मिटले आणि काचेपलीकडून अंगठा वर आला. मराठीत शब्द असे मागेपुढे सरकवता येतात, किती मोठी सोय आहे ही!

घरी येताना लोकलमध्ये डोक्यात 'अयोध्येचा राजा' होता. 1932, कोल्हापूर, प्रभात फिल्म कंपनी. एकाच चित्रपटाची मराठी आणि हिंदी आवृत्ती व्ही. शांतारामांनी वेगवेगळी चित्रित केली. दुर्गाबाई खोटेंची तारामती दोन्हींत. केवढे कष्ट!

आणि त्याच्या आदल्या वर्षीचा 'आलम आरा', पहिला भारतीय बोलपट. मूकपटांचे लाडके नायक मास्टर विठ्ठल त्यात होते, पण हिंदी-उर्दू भाषेवर अडले, म्हणून त्यांच्या वाट्याला संवाद अगदी मोजके आले. तलवारबाजीवर टाळ्या घेणारा माणूस बोलपटात गप्प! त्यांच्या शेजारी बसून कुणी एकेक ओळ घोटून घेतली असती तर? आज हेडफोन काढताना सारखं तेच वाटत होतं.