खेळाडू मिळाली, पण मायग्रेशन मिळेना

नाशिकच्या एका कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमचं काम मी बघते. यंदा टीम बांधताना कोर्टवर गेला नाही इतका वेळ कार्यालयाच्या खिडकीसमोर गेला. तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितेय.

मुली शोधणं अवघड नसतं. जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या शालेय स्पर्धांमध्ये 19 वर्षांखालच्या गटात ज्या खेळतात, त्याच पुढे कॉलेजात येतात. मी तिथे जाऊन बसते. बास्केट कोण करतं ते सगळ्यांनाच दिसतं. मी बघते हातात बॉल नसताना मुलगी काय करते ते. शॉट सुटला की बॉलकडे बघत उभी राहते, की आधी समोरचीला पाठीवर घेऊन अडवते? बॉल गेला की डिफेन्सला पळते, की पंचांकडे बघत हात पसरते?

ट्रायल पावसाळ्यात येतात. आमचं कोर्ट सिमेंटचं. ओलं असेल तर ट्रायल पुढे ढकला, कोणी कितीही घाई करू दे. गुडघा गेला की त्या मुलीचं वर्ष गेलं.

उंची मी मोजतेच, पण भिंतीला खेटून उभं करून हात वर करायला लावते आणि बोटांच्या टोकाशी खडूने रेघ ओढते. यंदा एकाच उंचीच्या दोघींच्या रेघांमध्ये चांगलं चार बोटांचं अंतर निघालं. रिंग 3.05 मीटरवर असते. रिबाउंडला, म्हणजे हुकलेला बॉल पकडायला, डोकं नाही, बोटं पोचावी लागतात. सगळ्यात शेवटी, पळून पळून दम लागला की लगेच फ्री थ्रो. तेव्हाही जिचं कोपर बाहेर फाकत नाही, ती मला चौथ्या क्वार्टरला हवी असते.

वरची रेघ जिची, तीच आमची कागदांवरून अडलेली मुलगी. वडील अंबडच्या एमआयडीसीत कामाला, कुटुंब परराज्यातून आलेलं, बारावी तिकडच्या बोर्डाची. डिफेन्समध्ये अखंड बोलायची. "दीदी, पीछे स्क्रीन!" म्हणजे मागे प्रतिस्पर्धी वाट अडवून उभी आहे, हे तिने ओळखही नसलेल्या मुलीला ओरडून सांगितलं, तेव्हाच मी वहीत तिच्या नावाखाली रेघ मारली.

मग सुरू झालं पात्रतेचं. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या प्रवेशिकेवर प्राचार्यांची सही-शिक्का लागतो, आणि अपात्र मुलगी खेळवली तर अख्खी टीम बाद होऊ शकते. त्यामुळे नियम कडक आहेत याबद्दल माझी तक्रार नाही. बाहेरच्या बोर्डातून आलेल्या विद्यार्थ्याला मायग्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे आधीच्या बोर्डाचा स्थलांतराचा दाखला लागतो, हेही बरोबर. चीड आली ती एकेक कागद एकेका फेरीत सांगण्याची. आधी म्हणाले मायग्रेशनची झेरॉक्स चालेल. झेरॉक्स नेली तर ओरिजिनल हवं. ते तिच्या गावाकडून मागवलं, पोस्टाने यायला वेळ लागला, आलं, तर खिडकीवर नवीन वाक्य: "मॅडम, नाव जुळत नाही."

तिच्या मार्कशीटवर नुसतं नाव आणि आडनाव. आपल्या फॉर्मवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव असे तीन रकाने, आणि आधारवर आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. सीबीएस बसस्थानकाजवळ कोर्टाच्या आवारात जाऊन तिच्या वडिलांनी प्रतिज्ञापत्र करून आणलं, त्या दिवशीचा पगार बुडवून. ते बघून खिडकीतून उत्तर आलं, गॅझेट लागेल. मुलीने नाव बदललेलंच नाही, गॅझेट कशाचं? तिचे वडील माझ्या शेजारी उभे होते, हातात प्लास्टिकची पिशवी, आत सगळे कागद नीट घड्या घालून ठेवलेले. ते एक शब्द बोलले नाहीत. मी बोलले, आणि आवाज चढवून बोलले.

शेवटी मी सगळे कागद क्रमाने लावले, वर अर्ज जोडला आणि एकच मागणी लिहिली: काय कमी आहे ते सगळं एकदाच लेखी द्या. तो अर्ज आवक नोंदवहीत घालून घेतला आणि थेट रजिस्ट्रारसाहेबांकडे गेले. त्यांनी मार्कशीट, मायग्रेशन, प्रतिज्ञापत्र शेजारी-शेजारी ठेवून वाचलं आणि सही केली. बाहेर येऊन मी तिच्या वडिलांना फोन लावला, तेव्हा माझाच गळा भरून आला.

म्हणून कळकळीने सांगते, ट्रायलच्या दिवशीच कागद बघा. दहावी-बारावीच्या मार्कशीट, दाखला, आधार, सगळ्यांवरचं नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर ताडून पाहा. एखादीने मध्येच शिक्षण सोडलं असेल तर वय मोजा. आंतरविद्यापीठ स्पर्धेला 25 वर्षांची अट आहे आणि चांगली खेळाडू तिथे अडायला नको.

पालकांशी बोलताना नोकरीचं आमिष दाखवू नका. शासकीय नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण ते नुसत्या कॉलेजकडून खेळल्याने मिळत नाही. कोणत्या पातळीची स्पर्धा, कितवा क्रमांक, हे बघतात आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. मी घरी जाऊन सांगते ते इतकंच: सराव कधी सुटेल, सोबत कोण असेल, बूट आणि प्रवासखर्च कॉलेज किती देईल. आईला पहिला प्रश्न परतीच्या वेळेचाच असतो. त्याचं उत्तर नक्की द्या आणि पाळा.

आणखी एक. टीममध्ये 12 नावं बसतात, पण कागद 14-15 जणींचे तयार ठेवा. आमच्या पॉइंट गार्डचा, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ चालवणारीचा, घोटा स्पर्धेच्या आठवड्यात मुरगळला, तेव्हा फॉर्म पूर्ण असलेली मुलगी हाताशी होती म्हणून निभावलं.