आईच्या नावापुढे बाबांचा क्रमांक

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही सहा जण पेंचच्या जंगलात सकाळची सफारी करून आलो, त्याला आता महिना होत आला. पण तिथल्या गेटावरच्या तपासणीच्या खिडकीपाशी गेलेला सव्वा तास अजून माझ्या डोक्यातून जात नाही. ज्या पेंचचे पाणी नागपूरच्या नळांना येते, ते जंगल आईने कधी पाहिले नव्हते. हे राष्ट्रीय उद्यान १९७५ साली जाहीर झाले आणि आईचे लग्नही त्याच वर्षीचे. तेव्हापासून ‘एकदा जाऊ’ असे बाबा म्हणत राहिले आणि ते राहूनच गेले. ही सहल मुळात तिच्यासाठी होती, आणि अडली तीही नेमकी तिच्याच नावावर.

ऑनलाइन आरक्षण मी स्वतः करायला हवे होते. जिप्सीतल्या सहाही पर्यटकांचे नाव, वय आणि ओळखपत्राचा क्रमांक आधीच भरावा लागतो, आणि एवढे टंकण्याचा कंटाळा आल्यामुळे मी घराजवळच्या, ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या एका केंद्रात सगळ्यांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स देऊन मोकळा झालो. आईच्या कार्डाची झेरॉक्स ज्या कागदावर होती, त्याच कागदाच्या मागे बाबांच्या कार्डाची होती, हे माझ्या लक्षात आले नाही. बाबांना जाऊन तीन वर्षे झाली. केंद्रातल्या मुलाने नाव आईचे घेतले आणि क्रमांक, वय व लिंग हे तिन्ही रकाने बाबांचे भरले. छापील कागद हातात आल्यावर मी फक्त तारीख आणि गेटाचे नाव पाहिले. हा कागद केंद्रातून बाहेर पडण्यापूर्वी, तिथेच उभे राहून, एकेका ओळीवर बोट ठेवून वाचावा, असे आता मी भेटेल त्याला सांगतो.

पहाटे चारला निघालो, मनसर मागे पडले आणि गेटाशी पोहोचलो तेव्हा अंधारच होता. पेंचला २०२४ साली देशातील पहिले डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपलेले आकाशदर्शनाचे ठिकाण, का ठरवले, हे तिथे मान वर केल्यावर कळले.

खिडकीतल्या गृहस्थांनी मफलर सावरत आमचा कागद घेतला आणि एकेका ओळीखाली प्लॅस्टिकची पट्टी सरकवत मूळ कार्डे तपासू लागले. पट्टी चौथ्या ओळीवर थांबली. त्यांनी आईकडे पाहिले, कागदाकडे पाहिले आणि म्हणाले, “या बाई आहेत आणि इथं पुरुष लिहिलंय. नंबरही वेगळा आहे. हा नंबर कोणाचा?” तो बाबांचा आहे, हे मला आईसमोर सांगावे लागले. बाकीचे पाच जण जाऊ शकतात, यांना मात्र सोडता येणार नाही, असे त्यांनी शांतपणे सांगितले. आई लगेच म्हणाली, “जा बाप्पा तुम्ही, मी बसते इथं शेकोटीपाशी.” हे ऐकून माझी मुलगी रडायला लागली आणि माझा आवाज चढला.

ती माझी दुसरी चूक. नियम योग्यच आहे, कारण नावे बदलू दिली तर आरक्षणांचा काळाबाजार व्हायला वेळ लागणार नाही, आणि चूक आमच्या कागदात होती. मी ओरडल्याबरोबर त्यांनी आमचा कागद बाजूला ठेवला व मागच्या लोकांची कामे सुरू केली. त्यात वीस मिनिटे गेली. आमच्या जिप्सीच्या चालकाने शेवटी मला बाजूला घेऊन सांगितले, “साहेब, भांडू नका, अर्ज लिहा.” कोरा कागद कोणाकडेच नव्हता. मुलीच्या रंगकामाच्या वहीतले हत्तीचे पान फाडून त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी ‘माननीय वनपरिक्षेत्र अधिकारी यांस’ अशी सुरुवात केली, सगळा घोटाळा लिहिला आणि खाली आईची सही घेतली. पेन उसने आणले होते, ते द्यायचे राहिले. साहेब फेरीवर होते, तेव्हा वायरलेसवरून निरोप गेला आणि आम्ही उभे राहिलो. एकेक जिप्सी धूळ उडवत आत जात होती. थर्मासमधला चहा संपला.

तेवढ्यात ऊन वर आले आणि समोरच्या पिंपळाच्या शेंड्यावर काहीतरी हलले. पानेच असावीत असे वाटले, पण ती हरियालं, म्हणजे हिरवी कबुतरे होती, पंधरा तरी; पिवळे पाय, गळ्यापाशी पिवळसर झाक, सगळी उन्हाकडे तोंड करून बसलेली. आपला राज्यपक्षी आईने आणि मी पहिल्यांदा पाहिला तो असा, रांगेत उभे राहून. हे कबूल करायला मला आजही जड जाते.

पावणेआठला वायरलेस खरखरला आणि “येऊ द्या” एवढे दोन शब्द आले. आत मग सगळे सुरळीत झाले. चितळांचे कळप भरपूर दिसले. वरून वानरे कोवळा पाला टाकतात म्हणून चितळे त्यांच्याखाली चरतात, आणि धोका दिसला की दोघेही एकमेकांना सावध करतात, हे गाइडने एका मोहाच्या झाडाखाली गाडी थांबवून दाखवले. रानगव्यांचा कळप रस्ता ओलांडत असताना आईने माझा दंड घट्ट धरून ठेवला होता. पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे ते जनावर एवढे अवाढव्य असते, हे फोटोवरून कळत नाही. वाघाचा ठसा ओल्या वाळूत ताजा होता, वाघ नव्हता. वेळेवर आत गेलेल्या एका जिप्सीला सातच्या सुमारास पाणवठ्यावर वाघीण दिसली, हे परतताना कळले आणि पुन्हा त्या केंद्राची आठवण झाली.

एक राहिलेच: उघड्या जिप्सीत जानेवारीत कानटोपी आणि हातमोजे हवेतच, शालीने भागत नाही. लाल, पिवळे कपडे नकोत. मूळ ओळखपत्रे एकाच पिशवीत ठेवावीत, आणि त्या पिशवीत एक पेन व चार कोरे कागद टाकावेत.

परतीच्या वाटेवर राष्ट्रीय महामार्ग ४४ चे जे उंच पूल लागतात, त्यांच्याखालून वन्यप्राणी ये-जा करतात. सर्वांत लांब पूल ७५० मीटरचा आहे. मी हे मुलांना सांगत होतो, पण तिघेही झोपले होते, आईसुद्धा.

सोमवारी तो कागद घेऊन मी केंद्रात गेलो आणि चूक दाखवली. मालकाने चष्मा लावून ओळ वाचली, मुलाला दोन शब्द सुनावले, मग माझ्याकडे वळून विचारले, “पण वाघ दिसला का?”