गेमिंग चॅनल: आधी आवाज, मग ग्राफिक्स

गेमिंग चॅनल काढताना बहुतेकांचे पैसे ग्राफिक्स कार्डात संपतात आणि माइक राहतो हेडफोनचाच. खरं तर उलट करायला हवं. चित्र थोडं धूसर असलं तरी लोक बघतात, घरघरणारा आवाज कोणी ऐकून घेत नाही.

ओबीएसमध्ये (रेकॉर्डिंग आणि लाइव्हसाठीचं मोफत सॉफ्टवेअर) बोलताना माइकची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. गेममधला बॉस (मोठा शत्रू) हरला म्हणून ओरडलात तरी काटा शून्याला टेकता कामा नये. टेकला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज एडिटिंगमध्ये शिवता येत नाही. आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्या: माइकचा ट्रॅक २ वर, गेमचा ट्रॅक ३ वर, आणि १ वर दोन्ही मिसळून. म्हणजे शिंक आली तर फक्त शिंकच कापता येते. रेकॉर्डिंग एमकेव्ही या फाइल प्रकारातच करा. साध्या एमपी४ला मध्येच वीज गेली की अख्खी फाइल उघडत नाही. नंतर ओबीएसमध्येच ‘रीमक्स’ करून (म्हणजे फक्त फाइलचा प्रकार बदलून) एमपी४ मिळतेच.

लाइव्ह अडखळतंय? आधी ओबीएसची ‘स्टॅट्स’ खिडकी उघडा. नेटवर्कमुळे फ्रेम (व्हिडिओतली एकेक चित्रं) गळत असतील तर बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला पाठवायचा डेटा, उतरवा. एन्कोडिंग लॅग (व्हिडिओ दाबून लहान करण्याचं काम मागे पडणं) दिसला तर एन्कोडिंगचं काम प्रोसेसरवरून ग्राफिक्स कार्डाकडे द्या. रेंडरिंग लॅग (ग्राफिक्स कार्डाचं चित्र तयार करणं मागे पडणं) असेल तर गेमचा एफपीएस, म्हणजे सेकंदाला फ्रेम, ६० वर बांधा. सरसकट बिटरेट कमी करत बसणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं.

यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळायला १००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत लोकांनी व्हिडिओ पाहिलेले ४००० तास (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज) लागतात. शॉर्ट्सचे व्ह्यूज या तासांत धरत नाहीत. आणि हो, गेममधली प्रसिद्ध गाणी सेटिंगमधून बंद करा, नाहीतर कॉपीराइट दावा येऊन कमाई दुसऱ्याच्या खिशात जाते.