जावळ काढायच्या आधीचा मधुमेह

“दीड महिन्याची होती बघा, मॅडम. जावळबी काढलं न्हवतं.”

मी लिहिता लिहिता थांबले. मुलगी पाच वर्षांची, जतकडच्या एका वाडीवरची. तीन वर्षं माझ्याच ओपीडीत येत होती. फाइलच्या पहिल्या पानावर आधीच्या दवाखान्यातलं निदान होतं, टाइप १ मधुमेह, आणि त्याखाली मी दर महिन्याला इन्सुलिनचे डोस लिहीत आले होते. आजार नेमका कोणत्या वयात सुरू झाला, हे मी कधी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी विचारलं तेही शाळेसाठीच्या दाखल्यात तसा रकाना होता म्हणून.

टाइप १ मध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारते, आणि त्याला वेळ लागतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मधुमेह झाला, तर बहुतेक वेळा एखाद्या जनुकातला बिघाड निघतो. हे मला ठाऊक होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. तरी या मुलीला तीन वर्षं रोज चार सुया टोचायला मीच सांगत होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

टाइप १ मध्ये रक्तात सापडणाऱ्या अँटिबॉडी तपासल्या, त्या निगेटिव्ह आल्या. मुलीचं आणि आईवडिलांचं रक्त चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनकडे पाठवलं. रिपोर्ट आला: केसीएनजे-११ या जनुकात ६०२व्या जागी ‘जी’ऐवजी ‘ए’ हे अक्षर. एवढंच. त्यामुळे किर ६.२ या प्रथिनातल्या ३९० अमिनो आम्लांपैकी २०१वं बदललं होतं, आर्जिनिनच्या जागी हिस्टिडिन.

एका अक्षराने एवढं कसं होतं, ते मी घरच्यांना कागदावर चित्र काढून सांगितलं. बीटा पेशीच्या भिंतीत पोटॅशियमची दारं असतात. मधोमध किर ६.२चे चार तुकडे, भोवती सूर-१ या दुसऱ्या प्रथिनाचे चार. जेवणानंतर साखर पेशीत जाते, तिच्यापासून एटीपी म्हणजे पेशीचं इंधन तयार होतं, ते किर ६.२च्या खोबणीत बसतं आणि दार मिटतं. दार मिटलं की पेशीत कॅल्शियम शिरतं आणि साठवलेलं इन्सुलिन बाहेर पडतं. त्या खोबणीतलं आर्जिनिन धन प्रभाराचं असतं, एटीपीच्या ऋण प्रभाराच्या फॉस्फेटला धरून ठेवायला मदत करतं. हिस्टिडिनला तेवढी पकड नाही. मग जेवण होऊनही दार उघडंच राहतं. पेशी जिवंत, आत इन्सुलिनही असतं, पण ते बाहेर पडायचा निरोपच येत नाही.

वडील चित्राकडे बघत होते. “पाटाचं दार बसंना म्हणा की.”

याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

पुढचा भाग मला अजूनही नवलाचा वाटतो. ग्लायबेनक्लामाइड ही मोठ्यांच्या मधुमेहाची जुनी, स्वस्त गोळी. ती एटीपीच्या खोबणीत बसतच नाही, शेजारच्या सूर-१ला चिकटते आणि तिथून दार ओढून घेते. २००४ मध्ये इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या अँड्र्यू हॅटर्सली, अ‍ॅना ग्लोइन आणि सहकाऱ्यांनी या जनुकाचा आणि नवजात मधुमेहाचा संबंध दाखवला. २००६ मध्ये अशा ४९ रुग्णांना या जातीच्या गोळ्या दिल्या, त्यातल्या ४४ जणांचं इन्सुलिन बंद झालं. गोळी नेमकी कुठे बसते ते क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं २०१७ मध्ये. म्हणजे मुलं आधी बरी राहू लागली, चित्र मागून आलं.

गोळीचं नाव ऐकून आजोबांनी खिशातून स्वतःच्या गोळ्यांचं पाकीट काढलं. “ही?” हीच.

तिला दाखल करून घेतलं. वजन १७ किलो. ५ मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव भाग दोन वेळा, तिथून सुरुवात. रोज गोळी थोडी वाढवायची, इन्सुलिन थोडं कमी करायचं, दर तीन तासांनी साखर बघायची. पहिले चार दिवस काहीच हललं नाही, साखर तीनशेच्या खाली येईना. पाचव्या दिवशी मला शंका यायला लागली. सहाव्या दिवशी दुपारी वरणभात खाल्ल्यावर १६२.

नवव्या रात्री सुई दिलीच नाही. पहाटे तीनला मी स्वतः वॉर्डात जाऊन बसले. १२४. सिस्टरनी मीटर दोनदा पुसून पुन्हा मोजलं, १२१. सकाळी मुलीने सवयीने फ्रॉक वर करून पोट पुढे केलं आणि वाट बघत उभी राहिली. तिला काय सांगावं ते मला पटकन सुचेना.

दिवसाला दीड गोळीवर ती घरी जायला निघाली, तेव्हा आईने मला दाराआड बोलावलं. “रिपोर्ट एकदा सासूबाईंसमोर वाचून दाखवा.” डोहाळ्यांत गूळशेंगदाणे खाल्ले म्हणून पोरीला साखर झाली, हे ती पाच वर्षं ऐकत होती. मी आजींना खुर्चीवर बसवलं आणि सावकाश सांगितलं: हा बदल आईत नाही, बापातही नाही, गर्भ राहताना नव्याने झालेला आहे, खाण्यापिण्याने होत नाही. मुलीला पुढे मुलं झाली, तर प्रत्येक वेळी तो उतरण्याची शक्यता निम्मी, आणि तेव्हा जन्मल्यावर लगेच तपासायचं. आजी बराच वेळ गप्प होत्या. मग सुनेच्या हातातली पिशवी त्यांनी स्वतःकडे घेतली.

ते गेल्यावर मी कपाटातल्या सगळ्या टाइप १च्या फाइली काढल्या आणि सुरुवातीचं वय शोधत बसले. सहा महिन्यांच्या आतल्या दोन सापडल्या. एका मुलाचे वडील दुसऱ्याच दिवशी त्याला घेऊन आले. दुसऱ्या फाइलवरचा नंबर लागत नाही. त्या गावच्या आशाताईंना निरोप दिला आहे.